तिसरा गिअर

ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स सरकायला लागला की तिला पेशंटासारखं तपासावं लागतं. आधी विचारायचं, मग चालवून बघायचं, मग तेलाचा वास घ्यायचा आणि सगळ्यात शेवटी उघडायचं. खराबी हाताला लागल्याशिवाय उघडायचंच नाही, असं अंबादासकाका म्हणायचे. कुर्ल्याला त्यांच्या गॅरेजात मी आणि विशाल हे काम शिकलो. पुढे मी मानखुर्दला माझं स्वतःचं सुरू केलं, विशालने मुलुंडला. काकांना ते आवडलं नाही. दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

माझं गॅरेज लिंक रोडच्या आतल्या बाजूला, भंगारवाल्यांच्या रांगेच्या टोकाला आहे. दोन गाड्या जेमतेम मावतात. गाडी उचलायची लिफ्ट नाही, खाली उतरून काम करायचा खड्डा आहे. देवनारच्या कचरा डेपोकडून वारा आला की तोंडाला रुमाल बांधून काम करावं लागतं, नाहीतर घास उतरत नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी, अकराच्या सुमाराला, चंदर कोळी त्याची पिकअप घेऊन आला. परदेशी बनावटीची, पंचवीस वर्षांची, पुढे दोन सीट, मागे एक बाकासारखी सीट आणि त्यामागे मासळीच्या पाट्यांसाठी उघडा हौदा. बंद पडलेल्या कुठल्याशा कंपनीच्या लिलावात त्याने ती उचलली होती. ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातून बाजारात मासळी न्यायला वापरायचा. गाडी धुतलेली होती, तरी बर्फाच्या पाण्याचा वास येतच होता.

"काय होतंय?" मी विचारलं.

"इंजिन बोंबलतंय, गाडी पुढं जात नाय. तिसऱ्याला."

डाव्या सीटवर एक तिशीचा माणूस बसला होता. रुंद खांदे, मांडीवर दोन्ही हात, नजर समोर. मी त्याला नमस्कार केला. त्याने काही केलं नाही.

"माझा धाकटा भाव, निमेश," चंदर म्हणाला. "तो नाय उतरणार. ऱ्हाऊ दे."

मी स्टिअरिंगवर बसलो, चंदर मागे. आम्ही लिंक रोडवर गेलो. पहिला गिअर ठीक, दुसरा ठीक. तिसरा पडायच्या क्षणाला इंजिनाचा आवाज एकदम चढला, काटा वर गेला, आणि गाडीचा जोर कुणीतरी दोर कापावा तसा तुटला. मी सवयीने मोजलं. चार सेकंद. मग खालून धप्प असा धक्का आणि गाडीने पुन्हा ओढ घेतली.

परत वळून मी पाच वेळा तेच केलं. पाचही वेळा चार सेकंद.

इथे मला पहिल्यांदा खटकलं. झिजलेली क्लच प्लेट सरकते ती कधी दोन सेकंद, कधी पाच. तेल तापलं की जास्त, गार असताना कमी. घड्याळ लावल्यासारखी कुठलीच प्लेट सरकत नाही.

गॅरेजात येऊन मी डिपस्टिक काढली. तेल लालभडक, जळका वास नाही, पातळी बरोबर. प्रेशरचं मीटर लावलं, प्रेशर हवं तेवढं. खड्ड्यात उतरून खालचा पॅन काढला. त्यातल्या लोहचुंबकावर झिजेचा करडा चिखल असतो, तो जवळजवळ नव्हताच. गाडीत काहीच बिघडलेलं नव्हतं, आणि गाडी सरकत होती.

वर आलो तेव्हा चहा आला होता. चंदरने एक ग्लास घेतला, डाव्या दरवाज्यापाशी गेला आणि मी बघत असताना वाफाळता चहा निमेशच्या मांडीवरच्या हातावर ओतला.

निमेश तसाच बसून राहिला. हात हलला नाही, चेहरा हलला नाही.

"एक," चंदर म्हणाला. "दोन. तीन. चार."

निमेश किंचाळला. हात झटकला, वाकला, हात पोटाशी धरून हुंदके द्यायला लागला.

"काल तीन होते," चंदर म्हणाला. त्याने खिशातून मलमाची ट्यूब काढली आणि भावाचा हात मांडीवर घेऊन हळूहळू मलम लावायला लागला. ट्यूब अर्धी संपलेली होती.

"येडा झालास काय तू?" मी ओरडलो.

"डाक्तर सांगतात त्याला काय पन झालेला नाय. मग मी कसा मोजू? तूच सांग." त्याने वर बघितलं. डोळे लाल होते. "तू गाडी उघड. बाकीचा मी बघतंय."

मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर तोपर्यंत माझ्या डोक्यात निमेश नव्हता, गिअरबॉक्स होता. वीस वर्षांत असं कोडं हाताला लागलं नव्हतं. गाडी रात्रभर खड्ड्यावरच ठेवली होती; बुधवारी सकाळी मी पुन्हा आत उतरलो. निमेशला चंदरने पुन्हा त्याच सीटवर आणून बसवलं होतं. मी खालून गिअरबॉक्स उतरवला आणि टेबलावर घेऊन उघडला.

आत सगळं नव्यासारखं होतं. तिसऱ्या गिअरच्या क्लच प्लेटांवरचा कारखान्याचा छाप अजून पुसला गेला नव्हता. कुणीतरी अलीकडेच त्या बदलल्या होत्या. झाकणाच्या आतल्या कडेला खिळ्याने ओरखडलेलं एक बारीक 'अं' दिसलं. अंबादासकाका आपण जोडलेल्या प्रत्येक बॉक्सवर असं अक्षर टाकायचे.

एवढंच. आणखी एक गोष्ट म्हणजे, प्लेटा काढून हातात घेतल्या तेव्हा त्या कोमट लागल्या. गाडी आदल्या दुपारपासून बंद होती.

मी नवा संच बसवला, नवं तेल भरलं. दुपारी तीनला आम्ही पुन्हा लिंक रोडवर गेलो. दुसऱ्यातून तिसरा असा पडला की कळलंसुद्धा नाही. पुलावर चढून उतरलो, चार वेळा. मला स्वतःवरच खूश व्हावंसं वाटलं.

गॅरेजाशी आलो आणि निमेश दार उघडून उतरला. स्वतःहून. बॉक्स उघडल्यापासून मी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. नळाखाली डोकं धरलं, केस झटकले, चुळा भरल्या. मग माझ्याकडे आला.

"दादा," तो म्हणाला, "मला काय बोलता येत नव्हता रे. मी सांगाला बघत होतो..."

"चल," चंदर म्हणाला आणि त्याला दंडाला धरून गाडीत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुर्ल्याला गेलो. भांडण विसरून काकांनाच विचारावं, असं ठरवलं होतं. दार वसुधाकाकूंनी उघडलं. मला बघून त्यांना रडू आलं.

काका खाटेवर होते. डोळे उघडे, भिंतीकडे. दाढी काकूंनी केलेली, मधेमधे राहिलेली. एक माशी त्यांच्या पापणीच्या कडेवर बसली होती आणि पापणी मिटत नव्हती.

"आठ महिने झाले," काकू म्हणाल्या. "तुला कळवणार होते, पण हेच नको म्हणायचे, बोलत होते तोवर. ऐकू येतं रे त्यांना सगळं. सकाळी विचारलं चहा घेता का, तर जेवायच्या वेळेला 'घेतो' म्हणतात. डॉक्टर म्हणतात नसांचं आहे." त्यांनी पदराने माशी हाकलली. "रात्री रडतात. दिवसा कुठे काय दुखलं असेल ते मला रात्री कळतं."

मी खाटेशी वाकलो. "काका, मी सम्यक. ती मासळीवाल्याची पिकअप. त्या गिअरबॉक्समध्ये काय होतं?"

भिंतीवरून नजर हलली नाही. मी अर्धा तास बसलो. मग निघालो.

सुट्या भागांची खरेदी उरकून दुपारी गॅरेजात पोहोचलो, शटर वर केलं तोच काकूंचा फोन आला.

"आत्ता बोलले रे. 'उघडू नकोस' म्हणाले. दोनदा म्हणाले. कशाबद्दल बोलत होतास तू?"

मी बोलायला गेलो. शब्द मनात तयार होते, तोंड उघडलं नाही. फोन कानाशी तसाच.

"हॅलो? सम्यक? हॅलो?" काकूंनी फोन ठेवला.

आणि रिकाम्या गॅरेजात मला माझा आवाज ऐकू आला. "उघडला काकू."

पहिल्या आठवड्यात मी जयाला, माझ्या बायकोला, काही सांगितलं नाही. मोटारसायकल गॅरेजातच ठेवली, चालत जायला लागलो. चार सेकंद म्हणजे काही फार नाही, असं स्वतःला समजावत होतो. पाऊल टाकायचं ठरवायचं आणि थांबायचं, ते पडतंच. एकदा लय लागली की बघणाऱ्याला माणूस जरा संथ वाटतो, इतकंच.

त्या रविवारी आम्ही बाहेर जायला निघालो होतो. आमच्या इमारतीत घरोघरी बाहेरून लोखंडी दार असतं, ते ओढून घेतल्यावर कुलूप बसतं. मी दार ओढायला लागलो. तेवढ्यात सपना, माझी सहा वर्षांची पोर, आत राहिलेली बाहुली घ्यायला वळली आणि तिने चौकटीला हात टेकवला.

मी बघितलं. थांब, असं मी हाताला सांगितलं. त्या क्षणाला सांगितलं, याची शपथ घेऊन सांगतो.

हात ओढतच राहिला. दार बसलं. ती किंचाळली तरी मी ओढत होतो, आणि जया माझ्या हातावर बुक्क्या मारत होती. चार सेकंदांनी माझी बोटं सुटली.

तिची दोन बोटं गेली. दवाखान्यात विशाल तीन रात्री माझ्यासोबत बाकावर बसला. त्याची बायको माधुरी डबे पाठवत होती. "झोप लागली असेल सम्या तुला, चक्कर आली असेल," विशाल म्हणत राहिला. जया माझ्या हाताकडे बघायची.

सपना घरी आल्यावर मी ट्रॉम्ब्याला गेलो. चंदर अंगणात काठ्यांवर बोंबील टांगत होता. ओट्यावर निमेश जाळं विणत होता. त्याची बोटं इतकी भराभर चालत होती की मला त्याच्याकडे बघवेना.

चंदरने मला बघितलं आणि स्टूल पुढे केलं. मी बसायच्या आधी, बसल्यावर, बोलायच्या आधी तो गप्प थांबून राहिला.

"बोल, बोल," तो म्हणाला. "मला सवय हाय."

"तुला माहीत होतं," माझ्या तोंडून अखेर आलं.

"व्हय."

"माझ्या आधी किती जण?"

"चार. उघडली का हा सहा महिने, कधी चार महिने, चांगला ऱ्हातो. मग गाडी परत सरकाला लागते, हा पन बसतो." तो बोंबील टांगतच होता. "विकाला बघितली. गाडी गेली त्या दिवशी याचा श्वास पन थांबाला लागला. परत आणली. मला भाव एकच हाय दादा."

"आणि अंबादासकाका?"

"त्याचा नशीबच खोटा. दोनदा उघडावी लागली. पयल्या वेळेला याला मागच्या सीटवर झोपवला होता, ताप होता म्हणून. काय फरक नाय पडला. म्हातारा मात्र तेवढ्यानंच हलला. दुसऱ्यांदा उघडली तवा हा पुढं होता, लगेच बरा झाला. दुसऱ्या वेळेला म्हाताऱ्यानं प्लेटा चांगल्या घातल्या असतील."

मी घरी आलो. निदान करणं माझं काम आहे. प्लेटांचा काही संबंध नव्हता. सीटचा होता.

नोव्हेंबरात चार सेकंद होते. जानेवारीत सात झाले. मार्चमध्ये अकरा. दोनदा डोक्याचे फोटो काढले, दोन्ही स्वच्छ. जया मला भरवायला लागली. घास गरम असला तरी मला ते कळेपर्यंत गिळून झालेला असायचा. सपना माझ्याजवळ यायची नाही. मी हाक मारायचो ती तिला ऐकू जाईपर्यंत ती खोलीतून गेलेली असायची.

मार्चच्या शेवटी चंदरचा फोन आला. जयाने तो माझ्या कानाशी धरला.

"सुरू झाला रे परत. आन् आता कोन उघडाला तयार नाय. ट्रॉम्ब्यापासून कुर्ल्यापर्यंत सगळ्यांना कळलाय."

तो थांबून राहिला. त्याला सवय होती.

"एक आहे," मी म्हणालो. "मुलुंडला. माझ्या शब्दावर उघडेल. पण मी सोबत पाहिजे. आणि पुढे बसणार मी, त्याच्याशी बोलायला. निमेशला मागे झोपव."

चंदरने विचारही केला नाही. "चालेल," म्हणाला.

विशालच्या गॅरेजातही खड्डाच होता. त्याने मला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला; महिनाभरात मी फार खंगलो होतो. "उतरू नको, बस तिथेच," तो म्हणाला. खिडकीतून हात घालून त्याने माझी कॉलर सारखी केली. "तुझं गिऱ्हाईक ते माझं. तू बरा हो आधी." चंदरने सांगितलं तेवढं त्याने ऐकून घेतलं. तेल हुंगलं, प्रेशर बघितलं, मान हलवली.

"सगळं ठीक आहे की रे यात. तरी उघडू म्हणतोस?"

अकरा सेकंद.

"उघड," मी म्हणालो.

तो खड्ड्यात उतरला. मागच्या सीटवर निमेशचा श्वास ऐकू येत होता. खालून पाने फिरल्याचा आवाज. एकेक बोल्ट थाळीत पडत होता. गिअरबॉक्स खाली उतरला तेव्हा गाडी किंचित वर उचलल्यासारखी झाली. विशाल खड्ड्यातच, माझ्या पायांच्या बरोबर खाली, फळीवर बॉक्स ठेवून बसला.

"सम्या, काहीतरी बोल यार," तो खालून म्हणाला. "माधुरी तुझी आठवण काढते. एक मे ला सगळे गावाला जाऊ. सपनालाही बरं वाटेल."

झाकणाच्या बोल्टवर पाना बसल्याचा आवाज आला.

तेव्हा माझ्या मनात आलं: विशाल, उघडू नको.

आलं ते गेलंच. परत घेता येत नव्हतं. आता ते अकरा सेकंदांनी तोंडातून पडणार होतं.

मी त्या शब्दांच्या मागोमाग हात पाठवला. तोंडावर ये. दाबून धर.

आणि मोजत बसलो. दोघांपैकी आधी कोण पोहोचेल, ते मला माहीत होतं. किती अंतराने, ते माहीत नव्हतं.

आठ. नऊ. दहा.

"विशाल, उघ..."

हात येऊन तोंडावर बसला. बोटं गालात रुतली.

"हां रे बाबा," विशाल खालून हसला. "उघडतोच आहे."

झाकण सुटल्याचा आवाज आला. लहानसा, ओला आवाज.

माझा हात तोंडावर होता. मी तो काढायचं ठरवलं.

तो निघाला.

मी दार उघडलं. उतरलो. पायाखाली जमीन होती आणि ती तेव्हाच लागली. तिच्यातला गारवा, तेलाचा चिकटपणा, सगळं तेव्हाच.

चंदरने माझ्याकडे बघितलं, मग मागच्या सीटकडे. "निमेश, उतर रे." तो वाट बघत राहिला. त्याने भावाच्या गालावर चापट मारली. पुन्हा मारली. मग सरळ उभा राहिला आणि माझ्याकडे वळला. त्याला तेव्हा कळलं. तो गाडीच्या हौद्याला धरून खाली बसला.

"सम्या, आत काहीच खराब नाही रे," खड्ड्यातून विशालचा आवाज आला. "प्लेटा कोऱ्या आहेत. पण गरम कशा काय? ये ना, हात लावून बघ."

मी बाहेर रस्त्यावर आलो. पहिल्या रिक्षाला हात केला.

घरी जया स्वयंपाक करत होती. मी दाराची कडी स्वतः लावली, हातपाय धुतले, पाटावर बसलो. ताट समोर आल्यावर मी घास घेतला. भात गरम होता, बोटं पोळली, मी झटकन हात मागे घेतला आणि हसायला लागलो. जया बघत राहिली. मग तीही रडत रडत हसायला लागली. सपना दारातून एक पाऊल आत आली.

फोन वाजला. माधुरी होती.

"भावजी, तुम्ही आज गॅरेजात होतात ना? हे आल्यापासून कसं तरीच करतायत. पाणी दिलं तर ग्लासाकडे नुसते बघत बसले. काही झालं होतं का तिथं?"

"नाही गं," मी म्हणालो. "दिवसभर उकाड्यात खड्ड्यात होता. थकला असेल. झोपू दे त्याला."

"तसं असेल," ती म्हणाली. तिला बरं वाटल्याचं आवाजावरून कळलं.

मी फोन ठेवला. आमटीत मीठ कमी होतं. मी जयाला तसं सांगितलं, लगेच सांगितलं.